लग्नाचा फोटोग्राफर ठरवताना जुना अल्बम उघडला



कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास संपला, महासतीजींचा विहार झाला आणि आमच्या घरात लग्नाची गडबड सुरू झाली. बाहेर नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडली आहे, घरात याद्यांचे कागद. पुतणीचं लग्न आहे. माझे धाकटे दीर तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून ती आणि तिची आई, म्हणजे माझी धाकटी जाऊ, आमच्याच मजल्यावर राहतात. त्यामुळे हे लग्न आमच्याच लेकीचं आहे.

हॉल ठरला, महाराज ठरला (स्वयंपाकाचा, गैरसमज नको!), सूर्यास्तापूर्वी पंगत उठेल असा मुहूर्तही मिळाला. राहिला फोटोग्राफर. तीन कोटेशनं आली: एक सुरतेचं, एक धुळ्याचं, एक गावातल्याच मुलाचं. मी पडले बी.कॉम. तक्ता केल्याशिवाय मला झोप येत नाही. वहीत रकाने पाडले: माणसं किती येणार, कॅमेरे किती, ड्रोन आहे का, अल्बमची पानं किती, अॅडव्हान्स किती. फोटो किती, असं सुरतवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "आंटी, तीन-चार हजार तर सहज."

मी हसले. पुतणीनं विचारलं, "मोठी मम्मी, तुझ्या लग्नात किती होते?"

"छत्तीस."

तिला खरं वाटेना. म्हणून कपाटाच्या वरच्या खणातून अल्बम काढला, आणि तिथून या लेखाला सुरुवात झाली.

छत्तीस फोटोंचं लग्न

माझं लग्न १९८१ सालचं. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता. तो झाला १ जुलै १९९८ रोजी. तोवर आम्ही धुळे जिल्ह्यातलेच. माहेर शहादा तालुक्यातलं. वडिलांनी तालुक्याच्या गावातला एक फोटोग्राफर ठरवला होता. त्याच्याकडे गळ्यात अडकवून वरून खाली बघायचा, दोन डोळ्यांचा कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो. वडिलांनी तीन रोल कबूल केले: दोन ब्लॅक अँड व्हाइट आणि एक कलर. कलरचा रोल धुवायला बाहेरगावी पाठवायचा, म्हणून तो महाग. बारा त्रिक छत्तीस, हिशेब संपला.

छत्तीसच फोटो असले की यादी आधी करावी लागते. वडिलांनी ती पोस्टकार्डाच्या मागे लिहून फोटोग्राफरच्या हातात दिली होती. वरमाला, हस्तमिलाप, फेरे, व्याही भेट, मामा, दोन्हीकडची वडीलधारी माणसं, आहेर देणारे मोठे व्यापारी. यादीत ज्याचं नाव, त्याच्यावर फ्लॅश.

पुतणी पान उलटत होती. काळ्या जाड कागदाची पानं, मध्ये बटर पेपर, चारी कोपऱ्यांना चिकटवलेले त्रिकोण. सगळ्यांना ओळखत ओळखत ती शेवटापर्यंत गेली आणि म्हणाली, "यात भुवा कुठे आहेत?"

भुवा म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली आणि जन्मभर तिथेच राहिली. माझी आई सतत आजारी, म्हणून मला वाढवलं भुवानं. नवकार मंत्र तिनं शिकवला, पहिली सामायिक तिच्या मांडीशी बसून केली, कॉलेजला जायला घरातून होकार मिळाला तो तिनं दोन दिवस जेवण सोडलं म्हणून. माझ्या लग्नाचे पापड, वड्या, मेथीचे लाडू सगळं तिच्या हातचं. पुतणीनं हे सगळं माझ्या तोंडून शंभर वेळा ऐकलं आहे.

"नाही," मी म्हटलं. "ती मांडवात आली नव्हती."

तिला कोणी "येऊ नको" म्हटलं नव्हतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. आणि "ये" असंही कोणी म्हटलं नव्हतं. मीही नाही. एकविसाव्या वर्षी, पदवी हातात असताना, मला ते सुचलंसुद्धा नाही. एका फोटोत, जिथं ताटं वाढून पुढे जात आहेत, तिथं कडेला एक हात दिसतो, बिनबांगडीचा, कोपरापर्यंत. तो भुवाचा.

त्या रात्री मला झोप आली नाही. मग दोन-तीन आठवडे मी मिळेल ते वाचत बसले: लग्नाचा फोटो ही गोष्ट आली कुठून आणि त्यात कोण असावं हे ठरवलं कोणी? जे सापडलं ते तुम्हालाही सांगते.

लग्न फोटोग्राफरकडे जायचं

फोटो काढायची रीत फ्रान्समध्ये १८३९ साली जाहीर झाली. पुढच्याच वर्षी, १८४० मध्ये, इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचं लग्न झालं. एवढ्या मोठ्या साम्राज्याची राणी, पण तिच्या लग्नाच्या दिवसाचा एकही फोटो नाही, कारण तेव्हा फोटोसाठी माणसाला बराच वेळ न हलता बसावं लागे. फेरे घेणारी माणसं कशी स्थिर राहणार?

आपल्याकडे ही कला लवकर आली. १८५४ साली मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. देशातली ती पहिली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथं शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईत स्वतःचा फोटोचा व्यवसाय करू लागले. म्हणजे फोटोग्राफी ही काही नुसती साहेबांची हौस राहिली नव्हती, आपली माणसं सुरुवातीपासून त्यात होती.

पण त्या काळची रीत बघा. काचेवर रसायन ओतायचं, काच ओली असेपर्यंत फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात नेऊन धुवायचा. दहा-पंधरा मिनिटांत सगळं आटपलं नाही तर काच फुकट. असा संसार घेऊन कोणी मांडवात येऊ शकत नव्हतं. म्हणून फोटोग्राफर लग्नाला जात नसे. लग्न झालेलं जोडपंच त्याच्या स्टुडिओत जायचं. मागे रंगवलेला पडदा, त्यावर बाग आणि खांब, बाजूला तिपाई, तिपाईवर फुलदाणी किंवा घड्याळ.

आमच्या घरात आजेसासू-आजेसासऱ्यांचा असाच एक फोटो आहे. लग्नानंतर काही महिन्यांनी धुळ्याला जाऊन काढलेला. आजेसासरे खुर्चीवर, पगडी, हातात छडी. आजेसासू शेजारी उभ्या, घुंघट नाकापर्यंत. चेहरा दिसतच नाही! चार पिढ्या आम्ही त्या फोटोला नमस्कार करतो आहोत, आणि त्या दिसायला कशा होत्या हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. फोटो काढला, पैसे दिले, बाई मात्र राहूनच गेली.

त्यात भीतीही होती. दादासाहेब फाळके यांना आपण सिनेमामुळे ओळखतो, पण त्याआधी ते फोटोग्राफर होते. गुजरातेत गोध्र्याला त्यांनी धंदा सुरू केला होता. १९०० सालच्या प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेलं आणि ते बडोद्याला परतले. तिथंही धंदा नीट चालला नाही, कारण कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो, अशी समजूत गावात पसरली होती. हसू नका. "जोडीचा फोटो काढू नका, दृष्ट लागते," असं मी स्वतः माझ्या सासूबाईंच्या तोंडून ऐकलं आहे.

आपल्यातलाच एक फोटोग्राफर

आता ज्याची गोष्ट मला आधी माहीत असायला हवी होती असं वाटलं, ती सांगते. राजा दीनदयाळ. हिंदुस्थानातल्या जुन्या फोटोग्राफरांत सर्वांत मोठं नाव, आणि घराणं जैन. जन्म १८४४, मेरठजवळ सरधना इथला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात इंजिनिअरिंग शिकले आणि इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागले. १८७४ च्या सुमारास फोटोग्राफीकडे वळले. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना उत्तेजन दिलं. पुढे नोकरी सोडून त्यांनी हाच व्यवसाय केला. इंदूर, सिकंदराबाद आणि १८९६ मध्ये मुंबई असे त्यांचे स्टुडिओ झाले. हैदराबादच्या सहाव्या निजामानं त्यांना 'राजा' किताब दिला. १९०५ मध्ये ते गेले.

हे सगळं मोठंच, पण मी थबकले ती दुसऱ्याच गोष्टीपाशी. १८९२ साली त्यांनी हैदराबादला फक्त बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. त्याला जनाना स्टुडिओ म्हणत. चारी बाजूंनी उंच भिंती, आत सगळ्या बायकाच, आणि तो चालवायला मिसेस केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाई. पडद्यातली बाई परपुरुषासमोर येणार नाही, मग तिचा फोटो कसा निघणार? बाकीचे म्हणाले असतील, नाही निघणार. दीनदयाळ म्हणाले नाहीत. त्यांनी भिंत बांधली आणि कॅमेऱ्यामागे बाई उभी केली.

त्यात धंदाही होता, हे मी नाकारत नाही. अर्धं गिऱ्हाईक पडद्याआड बसलेलं असताना ते सोडणारा व्यापारी कसला! पण निम्मी माणसं आपल्या कॅमेऱ्यासमोर येतच नाहीत, हे ज्याच्या आधी लक्षात आलं तो मला मोठा वाटतो. १८९२ सालचा माणूस हे ओळखतो आणि १९८१ सालच्या आमच्या घरातली पोस्टकार्डाची यादी ओळखत नाही, हे मला लागलं.

आणखी एक नाव आपल्या शेजारचं. आपल्या सुरतच्या गाडीनं जाऊन पुढे मुंबईकडे वळलं की नवसारी लागतं. होमाई व्यारावाला तिथल्या, जन्म १९१३. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांना ओळखतात. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जात. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. कॅमेऱ्यासमोर यायला बाईला जेवढा वेळ लागला, तेवढाच कॅमेऱ्यामागे आपल्या नावानं उभं राहायलाही लागला.

अंडी, हाडं आणि आपला अल्बम

ही गोष्ट लिहावी की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. पण आपण इथं पदार्थाच्या पाकिटावरचा हिरवा ठिपकासुद्धा तपासतो, मग हे का लपवू?

१८५० पासून पुढची चाळीस-पन्नास वर्षं फोटो ज्या कागदावर छापत, त्या कागदाला अंड्याच्या पांढऱ्याचा लेप असे. जर्मनीतलं ड्रेस्डेन हे त्या कागदाचं मोठं केंद्र होतं. ४८० कागदांच्या एका रीमला सुमारे २७ डझन अंडी लागत. तिथल्या एका कंपनीनं १८८८ या एका वर्षात १८,६७४ रीम कागद तयार केला. गुणाकार करून बघा: साठ लाखांहून जास्त अंडी. राजामहाराजांचे, जैन शेटसावकारांचेसुद्धा जुने तपकिरी फोटो बहुतेक याच कागदावरचे.

त्यानंतर आलं जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून काढलेला चिकट पदार्थ. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरनं त्याचा लेप दिलेल्या काचेची कल्पना मांडली. मग फिल्मचा रोल, फोटोचा कागद, सगळं त्यावरच आलं. १९२० च्या दशकात कोडॅक कंपनीला प्रश्न पडला की काही जिलेटिनवर फोटो चांगला का येतो आणि काहींवर मंद का येतो. त्यांचे शास्त्रज्ञ सॅम्युअल शेपर्ड यांनी शोधून काढलं की ज्या गुरांच्या चाऱ्यात मोहरीच्या जातीची झाडं होती, त्यांच्या जिलेटिनमध्ये गंधकाचा अंश उतरलेला असतो आणि त्यामुळे फिल्म तेज होते. फोटोचा लखलखाट एका गाईनं काय खाल्लं त्यावर अवलंबून होता!

हे वाचून मी अल्बमकडे बघत राहिले. ज्या घरात कांदा-लसूण येत नाही, त्या घरात माझ्या लग्नाचे छत्तीस फोटो हाडाच्या लेपावर. तेव्हा माहीत नव्हतं. अजाणता झालं त्याबद्दल मनात मिच्छामि दुक्कडं म्हटलं. अल्बम टाकून देणार नाही; टाकल्यानं कोणता जीव परत येणार? पण आता माहीत झालं आहे, तर आता विचारता येतं. मोबाइलवर, टीव्हीवर फोटो बघायला जिलेटिन लागत नाही. रसायनात धुऊन काढलेल्या फोटोच्या कागदावर ते आजही असतं. म्हणून आम्ही ठरवलं की चाळीस पानांचे तीन अल्बम नकोत. एकच करू, तोही कागद कोणता ते विचारून. बाकी सगळं पेन ड्राइव्हवर. तुम्ही काय करावं हे मी सांगणार नाही, फक्त प्रश्न ठाऊक असू द्या.

रोलपासून ड्रोनपर्यंत

पुढचा इतिहास तुमच्याही आठवणीतला आहे, म्हणून भरभर सांगते.

आपल्या देशात रोल महाग, कॅमेरे परदेशी. सरकारनं १९६० साली उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली. 'इंदू' नावाचा रोल तिचाच. आमच्या पिढीच्या हौशी घरांत आग्फा क्लिक-थ्री असायचा. तो बडोद्याला बनायचा आणि त्यातही रोलला बाराच फोटो. म्हणून लग्नाचा फोटोग्राफर निवडताना घरातली मोठी माणसं एकच बघत: हा माणूस फोटो वाया घालवत नाही ना? कोणाच्या लग्नात रोल कोरा निघाला, अशी एखादी गोष्ट प्रत्येक गावात असायची आणि त्या बिचाऱ्याला पुढची पाच वर्षं काम मिळत नसे.

फोटो लग्नाआधीही लागायचा. 'स्थळाचा फोटो'! माझा काढला तेव्हा भुवानंच माझी वेणी घातली होती. स्टुडिओच्या दारापर्यंत आली आणि बाहेर बाकावर बसली. "आत ये ना," म्हटलं, तर म्हणाली, "मला काय काम तिथं?"

ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला. 'शूटिंग' असलेलं लग्न मोठं. डोळे दिपवणारा दिवा धरलेला पोरगा, मागे वायर सांभाळणारा दुसरा, आणि नंतर कॅसेटमध्ये नवरी गुलाबाच्या फुलातून बाहेर येते! मग डिजिटल, मग जाड पानांचा करिझ्मा, मग कँडिड, मग ड्रोन. आता प्री-वेडिंग. आपल्याकडची मुलं तोरणमाळला यशवंत तलावाकाठी जातात. २०१९ साली भोपाळमधल्या जैन, गुजराती आणि सिंधी समाजाच्या संस्थांनी प्री-वेडिंग शूट नको असं ठरवलं. माझं मत विचाराल, तर बंदीपेक्षा घरात बसून बोलणं बरं. आमच्या पुतणीनं स्वतःच नको म्हटलं. कारण तात्त्विक नव्हतं, "एवढ्या पैशात पप्पांच्या नावानं पांजरापोळला चारा देऊ," म्हणाली.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात बदलली नाही. छत्तीस फोटो असोत की चार हजार, फोटोग्राफर तिकडेच बघतो जिकडे उजेड असतो. स्टेजवर. कडेला बसलेली माणसं चार हजारांतही कडेलाच राहतात.

आम्ही कसा निवडला

गावातला मुलगा शेवटी आला. वय तिशीच्या आत, बरोबर एक मुलगी, तीही फोटो काढणारी. मी तक्ता पुढे ठेवला आणि माझे प्रश्न विचारले. तुम्हालाही उपयोगी पडतील म्हणून लिहिते.

पहिला, फोटो कोणाच्या मालकीचे? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, आपण पैसे देऊन फोटो काढून घेतला की वेगळा करार नसेल तर त्याचे पहिले मालक आपणच. म्हणून कोटेशनच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचा. तिथं उलटं लिहिलेलं असू शकतं. मुलीचे फोटो जाहिरातीला वापरायचे असतील तर आधी विचारायचं, हे लिहून घ्या.

दुसरा, मूळ फोटो किती दिवसांत आणि किती दिवस सांभाळणार? आपणही दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत मुलीच्या सासरी.

तिसरा, आपल्या रिती. नवी जोडी महासतीजींकडे मांगलिक ऐकायला जाईल, तेव्हा फ्लॅश मारायचा नाही, लाइट लावायचा नाही. स्थानकात कॅमेरा बाहेर. आणि फोटोवाल्यांचं जेवणही सूर्यास्ताआधी, आमच्याच पंगतीत.

चौथा, विवाहनोंदणीच्या अर्जाला लागणारा एक साधा, स्पष्ट फोटो दुसऱ्याच दिवशी हवा.

सगळ्याला त्यानं हो म्हटलं. मग त्या मुलीनं मला विचारलं, "काकू, घरात असं कोण आहे का, जे स्वतःहून फोटोला येणार नाही?"

मी पेन खाली ठेवलं. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न कोणी विचारला असता तर, असं मनात आलं. त्या वेळच्या फोटोग्राफरला मी दोष देत नाही. त्याच्या हातात यादी आमची होती.

मी उत्तर द्यायच्या आत पुतणी म्हणाली, "आहे. माझी मम्मी."

माझी जाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की विधीला भाऊजी आणि भाभी बसतील, मी मागे थांबेन, पाहुण्यांचं बघेन. आणि आम्ही सगळ्यांनी, मीसुद्धा, मान डोलावली होती. भुवाच्या वेळी डोलावली होती तशीच.

मी तिला रात्री जवळ बसवलं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला होता की विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, "भाभी, ठराव गावाचा असतो, बघणारे डोळे नातेवाइकांचे असतात." खरं आहे तिचं. आपल्या धर्मात आत्म्याला ना सौभाग्य ना वैधव्य. चंदनबालेच्या हातचे उडदाचे बाकळे भगवान महावीरांनी घेतले, तेव्हा तिच्या पायात बेड्या होत्या आणि डोक्यावर केस नव्हते. हे आपण व्याख्यानात ऐकतो, डोळे पुसतो आणि घरी येऊन विधवा जावेला मागच्या रांगेत बसवतो.

मग मी तिला भुवाचा फोटो दाखवला. भुवाचा जन्मभरात एकच फोटो निघाला. १९९३ मध्ये शेषन साहेबांच्या काळात मतदार ओळखपत्रं आली, त्यानंतर सरकारी माणूस गावात आला, बाकावर बसवून त्यानं सगळ्यांचे फोटो काढले. भुवा बाकावर बसली, डोळे मोठे करून, पदर घट्ट धरून. त्याला कोण विधवा आणि कोण सवाष्ण याच्याशी देणंघेणं नव्हतं. २००१ मध्ये ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला आम्ही तोच बोटभर फोटो मोठा करून घेतला. मोठा करताना नाक-डोळे विरघळले. माझ्या नातवाला मी "ही माझी भुवा" म्हणून दाखवते, तेव्हा तो विचारतो, "अशी धुरकट का आहे?"

जाऊ बराच वेळ तो फोटो हातात धरून बसली. मग म्हणाली, "विदाईचा काढू नका. रडताना मी चांगली दिसत नाही."

मी त्या गावातल्या मुलाला अॅडव्हान्स दिला. सुरतवाल्यापेक्षा तो स्वस्त नाही, ड्रोनही त्याच्याकडे नाही. यावेळी यादी मी लिहिली, पोस्टकार्डावर नाही, व्हॉट्सअॅपवर. पहिलं नाव जावेचं: हळदीला लेकीच्या गालाला हळद लावताना. दुसरं, स्वयंपाकाच्या महाराजाचं. तिसरं, आमच्याकडे पंचवीस वर्षं भांडी घासणाऱ्या पावरा बाईंचं, नवी साडी नेसून, खुर्चीवर बसून. वरमाला, फेरे, आहेर हे सगळं सातव्या नंबरपासून खाली. ते न सांगताही निघतंच.

लग्न माघात आहे. जाऊ त्या दिवशी ऐन वेळी मागे सरकेल का, मला माहीत नाही. बघणारे डोळे येणारच आहेत. मी तिचा हात धरून उभी राहणार, एवढं माझ्या हातात आहे.

तुमच्या घरात लग्न असेल तर कोटेशन मागवायच्या आधी एकदा जुना अल्बम उघडा आणि त्यात कोण नाही ते मोजा. मग फोटोग्राफर ठरवा.

जय जिनेंद्र.